शाळा अंगणात आली तेव्हा

मूल तीन वर्षांचं झालं की घरात शाळेची चर्चा सुरू होते. माध्यम कोणतं, रिक्षा मिळेल का, लिहायला कधीपासून शिकवतात? या प्रश्नांमागे एक समजूत असते, की मुलाची वाढ शाळेत होते आणि घराने तिची उजळणी करून घ्यायची असते. बालशिक्षणाचा आपल्याकडचा शंभर वर्षांचा विचार याच्या उलट सांगतो. पण तो पालकांपर्यंत फारसा पोहोचलेला नाही.

१९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत मारिया मॉंटेसरी यांनी बालगृह उघडलं. मुलाला शिकवायचं नसतं, त्याला हाताने करता येईल असं वातावरण द्यायचं असतं, हा त्यांचा आग्रह होता. व्यवसायाने वकील असलेल्या गिजुभाई बधेकांनी हा विचार आपल्याकडे रुजवला आणि १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. पुढे ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं. शिक्षा नाही, भीती नाही, मुलाच्या कलाने काम, हे सगळं मराठी मध्यमवर्गाने तिथे पाहिलं. तोवर या विचाराचा केंद्रबिंदू शाळेची खोली हाच होता. मुलाने घर मागे ठेवून तिथे यायचं होतं.

१९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि या विचाराने वळण घेतलं. गरिबांची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही, त्या स्वतःच वस्तीत गेल्या. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी आणि गोष्टी. महागडी साधनं परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. ती मुलाच्या ओळखीचीही होती.

पुढे जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हे काम आणखी खोल गेलं. वारली घरांतल्या थोरल्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण धाकटं भावंड त्यांच्या कडेवर असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच जागी आणले गेले. तीच विकासवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात गेली. मूल का शिकत नाही याचं उत्तर त्याच्या घरच्या दिवसात शोधायचं आणि त्याप्रमाणे शाळेने बदलायचं, हे सूत्र इथे सिद्ध झालं. मला बालशिक्षणातला हा सर्वांत मोलाचा शोध वाटतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पसरली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण एका छताखाली आल्याने एक गोष्ट धोरणातच मान्य झाली: भुकेल्या, आजारी मुलाची बुद्धी वेगळी काढून वाढवता येत नाही. शहरांत मात्र उलटा प्रवास झाला. नर्सरी, ज्युनियर केजी, सीनियर केजी अशा पायऱ्या आल्या, प्रवेशाच्या मुलाखती आल्या, गृहपाठ आला. १९९३ च्या यशपाल समितीने नर्सरी प्रवेशाच्या चाचण्या आणि मुलाखती बंद करा असं सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ ही वर्षं एकच पायाभूत टप्पा मानून खेळाला मध्यभागी आणलं. तरी चार वर्षांच्या मुलाची चाररेघी वही संध्याकाळी घरोघर उघडतेच.

त्या वहीची घाई शरीरालाही मानवणारी नाही. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकेक करत पुढची अनेक वर्षं कठीण होत राहतात. बोटांची पकड पेन्सिलीच्या आधी इतर कामांतून तयार व्हावी लागते. स्वयंपाकघरात आजीजवळ बसून मटार सोलणारी मुलगी पाहा. शेंगेच्या शिवणीवर ती अंगठा दाबते, शेंग फुटते, दाणे चिमटीने काढून वाटीत टाकते. एखादा तोंडात जातो. आजी विचारते, ‘‘या शेंगेत किती निघाले गं?’’ ती बोट ठेवून मोजते, सहा. मग म्हणते, ‘‘हिच्यात जास्तच होते, आजी.’’ पकड, मोजणी, तुलना, भाषा, सगळं त्या दहा मिनिटांत आहे.

हे घराचं काम आहे आणि ते शाळेला जमणार नाही. तसंच वीस मुलांत आपली पाळी येईपर्यंत थांबणं, भांडून पुन्हा खेळायला जाणं, हे शाळेचं काम आहे. ते घरात होणार नाही. घरी अखंड बडबडणारं मूल वर्गात गप्प असतं, घरी भरवून घेणारं शाळेत स्वतःचा डबा संपवतं. आईला अर्धं मूल दिसतं, शाळेतल्या ताईंना उरलेलं अर्धं. दोघींनी बोलल्याशिवाय पूर्ण मूल कुणालाच दिसत नाही.

हे बोलणं कधी कधी तातडीचंही असतं. तीन वर्षांचं मूल दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, आणि हे घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसत असेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत तपासणीला येतात, त्यांना हे आवर्जून सांगावं. मात्र घरी अहिराणी किंवा वारली बोलणारं मूल वर्गात गप्प बसलं, म्हणजे ते मागे पडलं असं नव्हे. तिथे ताईंनीच त्याच्या बोलीतले चार शब्द शिकून घ्यावेत.

म्हणून पालकसभेला जाणाऱ्यांना माझी विनंती आहे. ‘किती अक्षरं आली?’ हा प्रश्न वर्षभर बाजूला ठेवा. मूल कुणाशी खेळतं, रडलं तर कशाने शांत होतं, डबा स्वतः उघडतं का, हे विचारा. ताईंनीही घरी मूल काय करण्यात रमतं हे विचारावं आणि ते लिहून ठेवावं. बोर्डीच्या अंगणात मुलाच्या घराकडे बघूनच शाळेचा दिवस ठरत होता. आपल्या शाळांनीही तसंच करावं, आणि पालकांनी ते हक्काने मागावं.