शेवटच्या अंकानंतर

राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्याच वर्षी, त्यांच्या मागे, ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं. कलेने लोकांना शहाणं करावं, एखाद्या दुःखाची जाणीव घरोघर पोचवावी, हे आपल्याकडे नवीन नाही, याचा हा ठळक पुरावा. गावोगावच्या गणेशोत्सवांत आणि स्नेहसंमेलनांत दारूपायी संसार गमावणाऱ्या सुधाकरच्या बायकोसाठी, सिंधूसाठी, पिढ्यान् पिढ्या डोळे पुसले गेले. आज ते नाटक वाचताना मात्र मी पहिल्या प्याल्याच्या आधीच्या सुधाकरपाशी थांबतो. हुशार, मानी वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळापुरती जाते, आणि अपमानाने पोळलेल्या या माणसापुढे मद्यपी तळीराम प्याला धरतो. त्या वेळी सुधाकरच्या मनाची काय अवस्था होती, कोणी वेळीच त्याच्याजवळ बसलं असतं तर काय झालं असतं, यात नाटक फार रेंगाळत नाही. त्याला ओढ आहे ती पुढच्या घसरणीची. सिंधूचा मृत्यू होतो, सुधाकर स्वतःला संपवतो आणि पडदा पडतो.

मनाचं दुखणं म्हणजे शेवटचा अंक, ही मांडणी पुढेही बराच काळ टिकली. वसंत कानेटकरांचं ‘वेड्याचं घर उन्हात’ १९५७ मध्ये आलं, जयवंत दळवींचं ‘बॅरिस्टर’ सत्तरच्या दशकात. दोन्ही नाटकं माणसाच्या मनात खोलवर उतरतात. दळवींइतक्या सातत्याने मनोविकृतीकडे पाहणारा दुसरा मराठी नाटककार मला आठवत नाही. ‘बॅरिस्टर’मध्ये घराण्यातल्या वेडाची छाया नायकावर सुरुवातीपासून आहे. ती अखेर त्याला गिळते, तेव्हा प्रेक्षक सुन्न होऊन बाहेर पडतात. शोकांतिकेचा तो धर्मच आहे, त्याबद्दल नाटककाराला बोल लावण्यात अर्थ नाही. पण अशा अनेक कलाकृतींतून समाजाच्या मनात एक चित्र पक्कं झालं: डोक्यावर परिणाम झाला की गोष्ट संपली. रंगमंचाबाहेरही तेच होत होतं. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांत माणूस एकदा दाखल झाला की घरच्या पत्रिकेवरचं त्याचं नाव गळायचं. देशात मनोरुग्णांबाबतचा १९१२चा कायदा कित्येक दशकं लागू होता. माणूस धोकादायक आहे का आणि त्याला कोंडायचं का, हाच त्याचा मुख्य प्रश्न होता. बरा होऊन तो परत आला तर त्याचं पुढे काय, याचा विचार कायद्याने केला नव्हता, तसा नाटकानेही केला नव्हता.

ही मांडणी मोडायला सुरुवात झाली ती व्यसनमुक्तीच्या चळवळीत. मानसिक आरोग्याबद्दल बोलताना ही गोष्ट आपण पुरेशी लक्षात घेत नाही, असं मला वाटतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर अनिल अवचटांनी गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यातल्या तरुणांवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. केंद्राचा सगळा भार उचलणाऱ्या डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या, आणि मुक्तांगणची सुरुवातही त्याच आवारात झाली. तिथे उपचार तर होतेच, पण त्याशिवाय गाणं होतं, ओरिगामी होती, बासरी होती, आणि समूहात बसून आपली गोष्ट सांगणं होतं. व्यसनी माणसाच्या पत्नीसाठी ‘सहचरी’ नावाचा गट झाला. तोवर सिंधू नवऱ्याच्या पायाशी एकटीच रडत होती. सहचरीत तिला आपल्यासारख्याच दहाजणी भेटल्या.

स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडाने चारचौघांत सांगण्याची रीत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसने १९३५ पासून रुजवली होती. मुक्तांगणसारख्या ठिकाणी तिला मराठी मातीत मूळ धरता आलं. दारू सुटून एक वर्ष झालेला माणूस आपल्या नव्या आयुष्याचा पहिला वाढदिवस साजरा करतो, आई, बायको, पोरं समोर बसलेली असतात, आणि कालपर्यंत गल्लीत ज्याची लाज वाटायची तो माणूस माइकसमोर उभा राहून बोलतो. मला यात सुधाकरची गोष्ट उलटी झालेली दिसते. ती पहिल्या प्याल्यापासून खाली जात होती. ही शेवटच्या प्याल्यापासून पुढे निघते. आणि ती सांगणारा नट नसतो, स्वतः सुधाकर असतो.

व्यसनाबद्दल असं उघड बोलता येऊ लागलं, तरी स्किझोफ्रेनियाचं नाव काढायला अजून कोणी धजत नव्हतं. व्यसनी माणूस निदान ‘वाया गेला’ म्हणून तरी माणसांत धरला जातो. ज्याला आवाज ऐकू येतात, ज्याला घरचेच विष घालताहेत असं वाटतं, त्याच्याबद्दल मात्र कुजबुज चाले: बाहेरचं काही आहे का, कोणी करणी केली का. या टप्प्यावर डॉ. जगन्नाथ वाणी यांचं काम फार मोठं आहे. ते मूळचे धुळ्याकडचे आणि कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचा अनुभव त्यांनी घरात घेतला होता. दूरदेशी राहून हे दुःख झाकणं सोपं होतं. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे, यांना एकत्र आणलं, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’मागे ते पाठबळ घेऊन उभे राहिले.

२००४च्या या चित्रपटात अतुल कुलकर्णींचा शेष आणि सोनाली कुलकर्णींची त्याची बहीण आहे. कोकणातली देवराई वाचवण्याचा ध्यास आणि भ्रम यांची सरमिसळ झालेलं शेषचं मन ‘देवराई’ने आतून दाखवलं. मला अधिक महत्त्वाची वाटते ती बहीण. भावाला घरी आणल्यावर संसारात पडणारे ताण, नवऱ्याचं आधी अवघडणं आणि मग हळूहळू सामील होणं, औषधं, दमणूक, अपराधीपण: हे सगळं पडद्यावर आलं. शुभंकरही दमतो आणि त्यालाही आधार लागतो, हे माहितीपत्रकातून सांगता येतं; पण सभागृहात शेजारी बसलेल्या आईचा हुंदका माहितीपत्रकातून ऐकू येत नाही.

त्यानंतर हा विचार आणखी एक पाऊल पुढे गेला आणि त्यात डॉ. मोहन आगाशे यांचा वाटा मोठा आहे. मानसोपचारतज्ज्ञ आणि अभिनेता या त्यांच्या दोन्ही ओळखी इथे एक झाल्या. स्मृतिभ्रंशावरच्या ‘अस्तु’त त्यांनी संस्कृतचे निवृत्त पंडित चक्रपाणी शास्त्री रंगवले, हे शास्त्री रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागे लहान मुलासारखे चालू लागतात. हा चित्रपट आणि पुढे ‘कासव’, हे दोन्ही घेऊन आगाशे ठिकठिकाणी गेले, खेळ झाल्यावर थांबले आणि प्रेक्षकांशी बोलले. तिकीट काढून पाहायची आणि घरी जायची ही वस्तू राहिली नाही. लोकांना एकत्र बसवण्याचं ते निमित्त झालं.

अशा चर्चा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना त्यांची चाल ओळखीची असेल. सुरुवातीला कॅमेऱ्याबद्दल, अभिनयाबद्दल प्रश्न येतात. मग कोणीतरी ‘आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत’ असं म्हणून सुरुवात करतं. चार वाक्यांनंतर शेजारचे गृहस्थ वडील होतात, आणि सभागृहातल्या सगळ्यांना ते कळतं. त्यानंतर हात वर करणाऱ्या दुसऱ्या माणसाला शेजारी लागत नाही. माझ्या मते जनजागृती म्हणून जे काही असतं ते त्या दोन माणसांमधल्या क्षणात घडतं. चित्रपट चांगला असावा लागतो, कारण वाईट चित्रपटानंतर कोणी असं बोलत नाही. पण चित्रपट संपल्यावर दिवे लावून लगेच खुर्च्या उचलायला सुरुवात केली, तर उत्तम चित्रपटही वाया जातो.

‘कासव’ला २०१६ सालासाठीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेला एक तरुण, स्वतः मनाच्या आजाराशी झुंजून आलेली जानकी, आणि देवगडचा किनारा. जानकी त्याला आसरा देते आणि बराच काळ त्याला नाव, गाव, कारण काहीही विचारत नाही. सगळी गोष्ट त्या प्रयत्नानंतरची आहे. गडकऱ्यांनी जिथे पडदा पाडला, तिथे भावे-सुकथनकरांनी तो उघडला.

हा फरक केवळ अभिरुचीचा नाही. गटेच्या १७७४च्या कादंबरीत जीव देणाऱ्या वेर्थरवरून संशोधकांनी एका परिणामाला नाव दिलं: आत्महत्येचं भडक, उदात्त, तपशीलवार चित्रण झालं की तशा घटना वाढतात. व्हिएन्नात भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या १९८०च्या दशकात वाढल्या, तेव्हा १९८७ मध्ये वृत्तपत्रांसाठी सूचना तयार झाल्या. सनसनाटी बातम्या थांबल्या आणि त्या घटना झपाट्याने कमी झाल्या. त्याच शहरातल्या संशोधकांनी २०१० मध्ये याची दुसरी बाजू मांडली. संकटात सापडलेला माणूस त्यातून बाहेर कसा आला, हे सांगणाऱ्या बातम्यांचा संबंध आत्महत्या कमी होण्याशी दिसतो. मोत्झार्टच्या संगीतिकेत जीव द्यायला निघालेल्या पापागेनोला तीन मुलं थांबवतात, त्याच्यावरून या परिणामाला नाव मिळालं. आपल्या प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये वार्तांकनासाठी तत्त्वं स्वीकारली. पुढच्याच वर्षी एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी महिनोन् महिने जे केलं, ते मात्र या तत्त्वांच्या अगदी उलट होतं. शाळा-महाविद्यालयांत याच विषयावर पथनाट्य बसवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मुलांना शेवटी फास दाखवावासा वाटतो, परिणाम साधतो असं वाटतं, तो दाखवू देऊ नका. नाटक दुसऱ्या दिवशीच्या सकाळपासून सुरू करा.

दर १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो. १९९२ पासून तो पाळला जातो. फेऱ्या निघतात, पोस्टर स्पर्धा होतात, कलापथकं येतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही, त्यामागे राबणारी माणसं मनापासून राबतात. पण ज्यांच्यासाठी हे सगळं आहे ते बहुतेक ठिकाणी खुर्चीतही नसतात, मंचावर तर नाहीतच. दिवाळीआधी मनोरुग्णालयांतून रुग्णांनी रंगवलेल्या पणत्या आणि आकाशकंदील विक्रीला मांडले जातात. लोक कौतुकाने घेतात. कंदील करणारा हात आणि तो घेणारा हात यांच्यात चार वाक्यांचं बोलणं झालं, तर त्या प्रदर्शनाचं मोल कितीतरी वाढेल. ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाने २०२२ मध्ये जगभरचे अभ्यास चाळून हेच सांगितलं: मानसिक आजाराचा कलंक कमी करण्यात सर्वांत परिणामकारक ठरतो तो आजार अनुभवलेल्या माणसांशी आलेला थेट संबंध, आणि अशा उपक्रमांचं नेतृत्वही त्यांच्याकडेच हवं.

बोलायला लागलेला माणूस पुढे कुठे जाणार, हा प्रश्न उरतोच, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळलं की उपचारांची गरज असलेल्या दर शंभरातले किमान सत्तर जण, काही आजारांत नव्वदपर्यंत, उपचारांवाचून राहतात. अशा वेळी केवळ जाणीव वाढवणं म्हणजे तहान जागी करून विहीर न दाखवणं. म्हणून मला ‘आत्मीयता’सारखे उपक्रम आशेचे वाटतात. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या गावांत तो सुरू केला, नंतर गुजरातमध्ये नेला. गावातलेच विश्वासू लोक मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवतात. दारू, घरातली मारहाण, बेकारी यांवर बोलणं सुरू होतं, आणि तोच फिल्म दाखवणारा माणूस पुढचे काही आठवडे त्या घरी जाऊन ऐकून घेतो, गरज पडली तर दवाखान्यापर्यंत सोबत जातो. इथे कलेचं काम फक्त दार वाजवण्याचं आहे, आणि ते वाजवणारा दाराशीच थांबत नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावबैठका, गावातल्याच कार्यकर्त्या आणि समुपदेशक यांची अशीच साखळी बांधली. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेला हा भाग. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण तिथे ४.३ टक्के होतं, ते २७.२ टक्क्यांवर गेलं. एवढ्या कष्टांनंतरही दर चौघांतले जवळजवळ तिघे मदतीबाहेरच राहिले. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर कलापथकाच्या गाडीतून एक समुपदेशक उतरला पाहिजे, आणि गाडी पुढच्या गावाला गेल्यावर तो तिथेच राहिला पाहिजे.