झिजेचा आश्रय

मोटारीच्या ब्रेकची डिस्क नवी बसवताना जुने पॅडही बदलावेत काय, हा प्रश्न गॅरेजात खर्चाच्या अंगाने विचारला जातो. परंतु वस्तूचा चांगलेपणा त्या वस्तूतच असतो की दोन वस्तूंच्या संबंधात, हा जुना दार्शनिक वाद त्याच्या मुळाशी आहे. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी, आणि पॅड म्हणजे कॅलिपर नावाच्या पकडीत बसून तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे घर्षणद्रव्याचे तुकडे.

वैशेषिक दर्शनात संयोग हा चोवीस गुणांपैकी एक मानला असून, रूप किंवा गंध एकेका द्रव्यात राहत असताना संयोग मात्र एकच असूनही दोन द्रव्यांत राहतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय. शिवाय तो ‘अव्याप्यवृत्ती’ आहे, म्हणजे आपल्या आश्रयाला सर्वांगाने व्यापत नाही; झाडावरच्या माकडाचा संयोग फांदीशी असतो, मुळाशी नसतो, हे त्याचे शास्त्रात रूढ झालेले उदाहरण. जुना पॅड नव्या डिस्कला भिडतो तेव्हा हेच घडते: जुन्या डिस्कवरील चऱ्यांचा उलटा ठसा त्याच्यावर उमटलेला असल्याने तो सपाट पृष्ठाला केवळ उंचवट्यांवर टेकतो, तेवढ्याच जागा अधिक तापतात, गाडी थांबण्यास जास्त अंतर लागू शकते, आणि पॅडच्या द्रव्याचा जो पातळ थर डिस्कवर सारखा बसावयास हवा तो डागाडागांनी बसून पुढे पेडल थरथरू लागते. म्हणून पुरेशा जाडीच्या पॅडविषयी ‘हा अजून चांगला आहे’ असे म्हणणे, कोणत्या डिस्कसाठी ते सांगितल्यावाचून, ‘हा थोरला आहे’ या विधानाइतकेच अपुरे राहते.

यावर वैशेषिकच आक्षेप घेईल की झीज म्हणजे अवयवांचा नाश, तो ज्याचा त्याचा असतो, आणि अवयव गळताच जुने द्रव्य नष्ट होऊन नवे उत्पन्न होते. (या न्यायाने प्रत्येक ब्रेकगणिक पॅड नवा होतो, गिऱ्हाइकाला हे पटवणे कठीण.) आक्षेप खरा आहे, पण झिजलेला आकार पॅडचा असला तरी त्या आकाराचे कारण जोडीत आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला दाखवून देतो की आस, चाके यांपैकी कशातही रथ सापडत नाही, ते अवयवांच्या आधाराने दिलेले व्यावहारिक नाव आहे. ब्रेकलाही हे लागू पडते, मात्र येथे उपयोगी पडत नाही, कारण वाद नावाचा नसून कोणता अवयव कोणाशी जुळतो याचा आहे.

तथापि संयोग दोघांत सारखा राहत असला तरी झीज सारखी वाटली जात नाही. पॅड लवकर झिजावा अशीच योजना असल्याने एका डिस्कच्या आयुष्यात पॅडचे एकाहून अधिक संच संपतात, आणि डिस्क एकसारखी असून ठरवून दिलेल्या किमान जाडीपेक्षा जाड असेल तर तिच्यावर नवे पॅड बसवण्यास हरकत नसते. उलट दिशेने ही सवलत जवळजवळ नाही: नव्या डिस्कबरोबर पॅड नवेच असावेत, तेही एकाच आसावरील दोन्ही चाकांना, आणि पहिल्या काही किलोमीटरांत वेग अनेकदा बेताने कमी करून, मध्ये ब्रेक निवू देऊन, ती जोडी एकमेकांत बसवून घ्यावी.