प्रत्येक थरास ओळंबा

मननासाठीं शास्त्रभाग : २ शमुवेल ५ : १७-२५



गवंडी भिंत उभारूं लागला म्हणजे ओळंबा त्याच्या हातापासून दूर नसतो. पायथ्याशीं भिंत सरळ होती म्हणून ती माथ्याशींही सरळच असेल, असें तो मानीत नाहीं. कांहीं थर चढले कीं तो पुन्हा ओळंबा सोडून पाहतो. कारण खालीं सूतभर झालेली चूक वर जातां जातां वीतभर होते. आमोस संदेष्ट्यासही परमेश्वर हातीं ओळंबा घेऊन भिंतीजवळ उभा असलेला दिसला. आपल्या आचरणाची भिंत रोजच्या लहानमोठ्या निर्णयांनीं चढत असते. तिला ओळंबा कितीदां लावावा, हें दावीद राजाच्या चरित्रावरून आपण शिकूं.

पलिष्टी रेफाईम खोऱ्यांत पसरले, तेव्हां चढाई करावी कीं नाहीं, हें दाविदानें परमेश्वरास विचारलें. होकार मिळाला व जयही मिळाला. पुढें तोच शत्रु त्याच खोऱ्यांत पुन्हा उतरला. आपण असतों तर म्हटलें असतें, उत्तर ठाऊकच आहे, चला! परंतु दाविदानें पुन्हा विचारलें, आणि उत्तर निराळें आलें. समोरून न जातां वळसा घालून मागून जावें, आणि तुतीच्या शेंड्यांत चाहूल ऐकूं येईपर्यंत थांबावें, अशी आज्ञा झाली. कालचें उत्तर आज चाललें नसतें!

हाच दावीद पुढें यरुशलेमेंत स्वस्थ राहिला असतां बथशेबेविषयीं चौकशी करवितो, पण देवास विचारीत नाहीं. त्यापायीं निरपराधी उरीयाचा जीव गेला. नाथानानें गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, तेव्हां दुसऱ्याचा दोष राजास तत्काळ दिसला. स्वतःचा मात्र नाथानानें दाखवावा लागला.

या बाबतींत आम्हीही निर्दोष नाहीं. एकदां दोघां भावांच्या बांधाच्या तंट्यांत आम्ही पंच म्हणून बसलों. मागल्या वर्षीं अशाच तंट्यांतला आमचा निवाडा सर्वांस मानवला होता. तोच येथें लागू करून आम्ही मोकळे झालों. शेत पाहिलें नाहीं, गुडघेही टेकले नाहींत. धाकटा भाऊ उपासनेस येईनासा झाला, तेव्हां आम्हीं आपल्या मनाची झडती घेतली. सुगीला थोरल्याच्या घरून मंदिरासाठीं दोन पायल्या जोंधळा अधिक येत असे, ही गोष्ट आमच्या मनांत दडून बसली होती! आम्हीं धाकट्याच्या दारीं जाऊन क्षमा मागितली, दोघांसह बांध पायांखालीं घातला, व निवाडा फिरविला. लाज वाटली खरी. पण वांकडी भिंत उतरविण्यांत लाज कसली?

म्हणून, बंधूंनो, प्रभुभोजनापूर्वीं आत्मपरीक्षण केलें, एवढ्यानें भागणार नाहीं. मुलीची सोयरीक जुळवितांना, सावकाराच्या कागदावर अंगठा उठवितांना, धान्याचें माप घालतांना, शेजाऱ्याविषयीं साक्ष देतांना क्षणभर थांबावें व मनास पुसावें : हें मीं देवास विचारलें काय? कालच्या शाबासकीवर मी आज चाललों आहें काय? यांत माझा लाभ कोठें दडला आहे काय? उपदेशक बंधूंनीं तर हें प्रथम करावें. कारण मंडळी तुमची भिंत पाहून आपली भिंत चढवीत असते.

प्रभु आपणां सर्वांस आपला ओळंबा ओळखण्याची दृष्टि, व वांकडें दिसलें तें उतरविण्याचें धैर्य देवो. आमेन.