सवलत स्वीकारण्याची परीक्षा

शाबान महिन्यात एका वयोवृद्ध गृहस्थांच्या भेटीस जाण्याचा योग आला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवून जेमतेम सहा आठवडे झाले होते. यंदा रोजे ठेवू नयेत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. ते म्हणाले, "बावन्न वर्षांत माझा एकही रोजा चुकलेला नाही. आयुष्य अल्लाहच्या हाती आहे. मग गोळ्यांसाठी रोजा सोडणे म्हणजे तवक्कुलचा, अल्लाहवरील भरवशाचा अभाव नव्हे काय?" घरची मंडळी त्यांच्या ईमानाची वाखाणणी करीत होती. मला मात्र काळजी वाटली. प्रश्न प्रामाणिक होता. म्हणूनच त्याचे उत्तर गांभीर्याने शोधले पाहिजे.

झटका येतो तेव्हा हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद होते आणि हृदयाच्या स्नायूचा काही भाग मृत होतो. तो पुन्हा पूर्ववत होत नाही. स्टेंटने वाहिनी उघडते, पण ज्या विकारामुळे ती बंद झाली तो शरीरात शिल्लकच असतो. म्हणून रक्ताची गुठळी होऊ न देणारी व कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे नियमाने घ्यावी लागतात. छातीतील वेदना थांबली, चालता-फिरता येऊ लागले की पुष्कळ रुग्ण स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करतात. स्टेंटनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत असे केल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते.

इस्लामच्या शिकवणुकीनुसार मनुष्य आपल्या देहाचा मालक नसून अमानतदार आहे. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दररोज रोजा ठेवीत आणि रात्रभर इबादत करीत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना थांबविले आणि देहाचा, डोळ्यांचा व पत्नीचाही तुमच्यावर हक्क आहे, याची जाणीव करून दिली. ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी पडले, तेव्हाची हकीकत 'सुनन अबू दाऊद'मध्ये आहे. प्रेषितांनी (स.) त्यांच्या छातीवर हात ठेवला, त्यांना हृदयाचा विकार असल्याचे सांगितले आणि सकीफ कबिल्यातील वैद्य हारिस बिन कलदा याच्याकडे जाण्यास फर्माविले. ज्यांची दुआ स्वीकारली जाते अशी आपली श्रद्धा आहे, त्यांनीच रुग्णाला वैद्याकडे पाठविले. तवक्कुलचा अर्थ येथे उलगडतो: उपाय करावा आणि परिणाम अल्लाहवर सोपवावा.

आता रोजाचा प्रश्न. सूरह अल्-बकराच्या आयती 184 व 185 मध्ये रोजाचा आदेश आहे आणि तेथेच रुग्ण व प्रवासी यांना इतर दिवशी संख्या पूर्ण करण्याची मुभाही आहे. आदेश देणारा आणि सवलत देणारा अल्लाह एकच. मग आदेश शिरोधार्य मानून सवलत झिडकारणे ही पूर्ण आज्ञाधारकता कशी म्हणावी?

आप्तेष्टांनीही एक घटना स्मरणात ठेवावी. प्रवासात एका सहाबींच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्यांच्यावर स्नान अनिवार्य झाले. तयम्मुम चालेल काय, असे त्यांनी सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असल्याने सवलत नाही, असे सोबत्यांनी सांगितले. त्यांनी स्नान केले आणि त्यांचा मृत्यू झाला. हे कळताच प्रेषितांनी (स.) त्या मृत्यूचा दोष सोबत्यांवर ठेवला; ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, असा त्यांचा सवाल होता. "रोजा ठेवा, काही होणार नाही," असे रुग्णाला सहज सांगणाऱ्यांनी यावर विचार करावा.

तथापि खरी अडचण बहुधा ज्ञानाची नसून मनाची असते. बावन्न वर्षांची अखंड परंपरा मोडताना जे दुखते, ते अल्लाहचे प्रेम की आपल्याच नोंदीचा अभिमान? हा प्रश्न बोचरा आहे, पण ज्याने त्याने एकांतात स्वतःला विचारावा. उपाशी राहणे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्याच्यासाठी रमजानच्या भर दुपारी औषधाची गोळी घेणे हाच नफ्सशी अधिक कठीण संघर्ष असतो.

प्रकृती सुधारल्यावर राहिलेले रोजे पूर्ण करावेत. सुधारण्याची आशा नसेल तर फिदिया आहे. पुढील वर्षाचा निर्णय डॉक्टर व जाणकार आलिम यांच्या सल्ल्याने घ्यावा. तंबाखू व मिश्री कायमची सोडणे, मीठ कमी करणे, झेपेल तेवढे रोज चालणे, ही सारी अमानतीची राखणच होय. झटक्यानंतर अनेकांना उदासी घेरते. ती बोलून दाखविणे म्हणजे सब्र गमावणे नव्हे. ह. याकूब (अलै.) यांचे दुःख कुरआनने लपविलेले नाही.

इतकी काळजी घेऊनही मृत्यू ठरल्या वेळी येणारच. आपल्याकडून हिशेब मागितला जाईल तो अमानत कशी सांभाळली याचा. अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो आणि त्याने दिलेली सवलतही कृतज्ञतेने स्वीकारण्याची सद्बुद्धी आम्हा सर्वांना लाभो. आमीन.