नाव छापायचं, कारण झाकायचं?

2 जून 2014 रोजी आंध्र प्रदेशाची दोन राज्यं झाली आणि पाणी, कर्ज, इमारती यांच्याबरोबर माणसंही वाटून घ्यायची वेळ आली. हैदराबादच्या सचिवालयातला कक्ष अधिकारी उद्यापासून कुठल्या सरकारचा? पदं वाटण्याचं गणित होतं: राज्यस्तरावरच्या पदांना लोकसंख्येचं प्रमाण लावायचं, आंध्रला 58.32 टक्के आणि तेलंगणाला 41.68. त्या पदावर बसलेल्या माणसाचं काय, हे गणित सांगत नव्हतं. निवृत्त सनदी अधिकारी सी. आर. कमलनाथन यांच्या समितीने मग कर्मचाऱ्यांची पसंती विचारली, ज्येष्ठता पाहिली, खातेवार तात्पुरत्या याद्या जाहीर केल्या आणि हरकती मागवल्या.

या याद्यांवरून एका मामा-भाचीची जुंपली. मामा मंत्रालयातून निवृत्त झालेले, उमेदीची वर्षं आस्थापनेच्या टेबलावर काढलेले. भाची मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, सरकारी नोकरांचे खटले चालवते. दोघांनाही फाईल वाचता येते, म्हणून वाद ऐकण्यासारखा.

"किती पदं मंजूर, किती भरलेली, किती रिक्त, ते खुशाल जाहीर करा," मामा म्हणाले. "आकृतिबंध लोकांचाच आहे. पण माणसाचं नाव कशाला? तो पगारी नोकर आहे, आरोपी नव्हे."

"ज्येष्ठता पदाला नसते, मामा, माणसाला असते. यादीतला एकविसावा आंध्रला गेला आणि सत्ताविसावा तेलंगणात राहिला. नावं झाकलीत तर एकविसाव्याने हरकत घ्यायची कशावर?"

माहिती अधिकार कायदा तिच्या बाजूने आहे. कलम 4 प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने अधिकारी-कर्मचाऱ्यांची सूची आणि त्यांचं मासिक वेतन न मागताच जाहीर करायचं असतं. मामांनी 2012 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे केला. एका कर्मचाऱ्याला मिळालेले मेमो, त्याला झालेल्या शिक्षा, त्याची मालमत्ता ही त्याची वैयक्तिक माहिती, असं न्यायालयाने म्हटलं होतं. भाची म्हणाली, त्याच निकालात व्यापक जनहिताचं दार उघडं ठेवलंय. दोघांचंही खरं आहे. कायदा इथे सीमा आखून देत नाही, भांडायला जागा देतो.

मग तिने तेलंगणाचीच कहाणी काढली. पाणी, निधी आणि नोकऱ्या, या तीन गोष्टींवर ते आंदोलन उभं राहिलं. स्थानिकांच्या वाट्याच्या जागांवर नियम डावलून बाहेरचे लोक नेमले गेल्याची तक्रार जुनी होती. 1985 च्या डिसेंबरात एन. टी. रामाराव सरकारने 610 क्रमांकाचा आदेश काढला. अशा लोकांना मार्च 1986 पर्यंत आपापल्या विभागात परत पाठवायचं होतं. ते रखडलं. 2001 मध्ये त्याच प्रश्नासाठी जे. एम. गिरग्लानी यांचा एकसदस्य आयोग नेमावा लागला. "कुठल्या जागेवर कोण बसलंय हे पहिल्यापासून भिंतीवर लावलं असतं, तर पंधरा वर्षांनी आयोग नेमून ते शोधायची पाळी आली असती का?"

"भिंतीवर लावल्यावर लोक काय वाचतात तेही बघ," मामा म्हणाले. "जून 2015. तेलंगणाच्या वीज कंपन्यांनी 1,157 जणांना कार्यमुक्त केलं. का, तर मूळचे आंध्रचे. आंध्रच्या कंपन्या म्हणाल्या, आम्हाला नकोत. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारींना बसवून वाटप करून घ्यावं लागलं. ज्येष्ठता गेली बाजूला, गाव कुठलं एवढंच उरलं."

हा मुद्दा वजनदार आहे, पण तो मामांना वाटतो तितका त्यांच्या बाजूचा नाही. तिथे लोकांनी याद्या तपासल्या नव्हत्या. कंपन्यांनी आपणच निकष ठरवला आणि दोन्ही बाजूंची संमती न घेता लागू केला. भाचीने नेमकं हेच सांगितलं, आणि वर महाराष्ट्राचा दाखला दिला. 1956 च्या पुनर्रचनेत विदर्भ मध्य प्रदेशातून आणि मराठवाडा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला. त्यांच्याबरोबर आलेल्या विक्रीकर खात्यातल्या लोकांच्या बढतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात 1981 साली निकाली निघाला. पंचवीस वर्षं! न्यायालय म्हणालं, सेवाशर्तींना संरक्षण आहे, पण बढतीची नुसती संधी ही सेवाशर्त नव्हे. "म्हणजे संधी गेली तर कायदा धावून येत नाही. माणसाच्या हातात उरते ती यादीतली जागा. तीही दाखवायची नाही?"

मामा जरा वेळ थांबले. नावं, क्रमांक, पदं छापायला त्यांची आता हरकत नव्हती. त्यांनी वाद अधिक अवघड जागी नेला. वाटपात काहींना ज्येष्ठतेच्या पलीकडे सवलत होती: पती-पत्नी दोघं नोकरीत असलेले, विधवा, अपंग, गंभीर आजाराचे रुग्ण. "तुझा सत्ताविसावा तेलंगणात राहिला कारण त्याला कर्करोग आहे. छापशील?"

"'सवलतीचा प्रवर्ग' एवढं छापीन. कुठला, ते नाही."

"अगं, कक्षात माणसं सहा. तो विधवा नाही, बायको नोकरीत नाही, चालतो धड. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळेल. आणि हे माहीत असल्यामुळे ज्याने अर्जच केला नाही, आजार लपवून मुकाट्याने दुसऱ्या राज्यात गेला, तो तुझ्या कुठल्या यादीत सापडणार?"

यावर तिच्याकडे तोडगा होता. कागदपत्रं खात्याकडे जाऊच नयेत. बंद पाकिटात दुसऱ्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय मंडळाकडे जावीत, आणि खात्याला 'पात्र' किंवा 'अपात्र' एवढाच शेरा यावा. लोकांना मिळावा तो आकडा: किती अर्ज, किती मंजूर, कुठल्या खात्यात. एखाद्या खात्यात आजारी माणसं अचानक वाढलेली दिसली, तर पत्रकार विचारतीलच.

"आणि मंडळानेच वशिला लावला तर?"

"तर एकविसाव्याला अपील."

"बरं," मामा म्हणाले, "त्या अपिलात तो वाचणार काय?"