फलप्रामाण्य आणि सत्याचा निवाडा

विल्यम जेम्स याने 1907 साली ‘प्रॅग्मॅटिझम’ या ग्रंथात कल्पनेला सत्यत्व तिच्या परिणामांतून प्राप्त होते असे प्रतिपादन केल्यापासून, ज्याला जे सोयीचे तेच सत्य असा त्याचा अर्थ करणाऱ्यांची उणीव कधी भासली नाही. आणि अलीकडे सभासंमेलनांतून धडधडीत असत्य निःशंकपणे सांगितले जाऊ लागल्यावर तर त्याचे पितृत्वच या फलप्रामाण्यवादाकडे देण्याची चाल विद्वानांत पडली आहे. सत्याचे ‘रोख मूल्य’ विचारणाऱ्या जेम्सकडे या गैरसमजाचा थोडा दोष जातोच. या मताचा मूळ प्रवर्तक चार्ल्स पर्स मात्र जेम्सच्या ग्रंथाआधीच सुरू झालेल्या अशा विपर्यासाला इतका विटला, की 1905 मध्ये त्याने आपल्या मताचे नाव बदलले.

या संप्रदायाची कसोटी मला 1937 च्या एप्रिलमध्ये, मेक्सिकोतील कोयोआकान येथे लागलेली दिसते. स्टालिनने चालवलेल्या मॉस्कोच्या खटल्यांत त्याचा हद्दपार विरोधक ट्रॉट्स्की याच्यावर ठेवलेल्या आरोपांची तहकीकात करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद तेव्हा याच संप्रदायातील 77 वर्षांच्या जॉन ड्यूईने (कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांना लाभलेला गुरू तो हाच) पत्करले होते. कोपनहेगनच्या ब्रिस्टल हॉटेलात 1932 साली आपण ट्रॉट्स्कीच्या मुलाला भेटलो, अशी जबानी मॉस्कोत एका आरोपीने दिली होती. ते हॉटेल तर 1917 सालीच नाहीसे झाले होते. स्टालिनच्या सरकारला ती जबानी अत्यंत उपयुक्त होती, आणि उपयुक्तता हीच सत्याची सनद असती तर ड्यूईला तिच्यावर शिक्कामोर्तब करावे लागले असते. परंतु ज्या शंकेने चौकशी आरंभली जाते ती शंका, साक्षीपुरावा सर्वांसमक्ष रुजू होऊन व उलटतपासणी सोसून, फिटली तरच कल्पना सफल झाली असे तो मानी. सत्ताधीशाचा मतलब साधणे हे त्याच्या लेखी फलच नव्हे. आज जो पक्ष आपले दप्तर तपासू देत नाही आणि विचारणाऱ्यालाच देशद्रोही ठरवतो, त्याने जेम्सचे नाव घेऊ नये, आणि त्याच्या टीकाकारांनीही ते त्याला बहाल करू नये.

ट्रॉट्स्की निर्दोष असल्याचा निवाडा आयोगाने डिसेंबर 1937 मध्ये जाहीर केला. पुढच्याच वर्षी त्याच ट्रॉट्स्कीच्या साध्यसाधनविचाराचे खंडन करणारा लेख ड्यूईने प्रसिद्ध केला.