ओरिजिनल आहे का?

जुन्या घड्याळांच्या नादी लागलात की महिन्याभरात एक शब्द कानावर येतो: 'मुंबई स्पेशल'. वाटेल की भेळेचा किंवा सँडविचचा प्रकार असावा. पण ही शिवी आहे. जगभरातले सीको गोळा करणारे लोक भारतातून विकल्या जाणाऱ्या एका विशिष्ट प्रकारच्या घड्याळाला हे नाव देतात. केस एका घड्याळाची, मशीन दुसऱ्याचं, काटे तिसऱ्याचे, आणि डायल नव्याने रंगवलेली, तीही केशरी नाहीतर पोपटी रंगात. भिंग लावून पाहिलं तर अक्षरं जरा जाड, जरा वाकडी दिसतात. खऱ्या डायलच्या तळाशी, सहाच्या खाली, मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत कॅलिबर आणि डायलचा नंबर छापलेला असतो. रंगवलेल्या डायलवर तो बहुतेक वेळा नसतोच, किंवा असला तर मागच्या झाकणावरच्या नंबराशी जुळत नाही.

मीही हे सगळं शिकलो. झाकणावरचा सीरियल नंबर वाचायला शिकलो: पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा म्हणजे महिना. पहिला ४ असेल तर १९७४ किंवा १९८४, मग मशीनच्या कॅलिबरवरून दशक ठरवायचं. हिंजवडीत दिवसभर दुसऱ्याचा कोड वाचणाऱ्या माणसाला हे काम फार आवडतं. इथेही कोणीतरी काहीतरी बदललंय, कमिट मेसेज लिहिलेला नाही, आणि आपण खुणांवरून शोधायचं की कोणी, कधी, का.

त्यातलं 'का' मात्र ग्रुपवर कोणी विचारत नाही. फोटो टाकला की तीन मिनिटांत निकाल लागतो: 'रीडायल आहे, सोडून दे.' मला या निकालाबद्दल बोलायचंय. रंगवलेली डायल खोटी आहे, असं आपण म्हणतो तेव्हा नक्की कोण खोटं बोललेलं असतं?

माझ्या मामाचं घड्याळ सीको ५ आहे, ७००९ कॅलिबरचं. मामा मस्कतला होता. १९८४ साली पहिल्या सुट्टीवर येताना त्याने ते आणलं. त्या काळी कोकणातल्या घराघरांत आखातातून टेपरेकॉर्डर, अत्तर आणि सीको किंवा सिटिझनचं घड्याळ यायचं. ७००९ म्हणजे काही फार मोठं मशीन नव्हे. सतरा ज्वेल, ऑटोमॅटिक, तासाला २१,६०० ठोके. चावी फिरवून याला किल्ली देता येत नाही. बंद पडलं की हलवायचं, हातात घालून चालायला लागायचं. सीको ५ ही मालिका १९६३ पासूनची, आणि तिचा हेतूच हा होता की रोज कामावर जाणाऱ्या माणसाने घालावं आणि विसरावं.

कोकणातल्या पावसाने व्हायचं ते झालं. मागच्या झाकणाची रबरी रिंग कडक होते, घाम आणि दमट हवा आत शिरते, डायलवर आधी ठिपके पडतात, मग फोड येतात. १९९७ मध्ये चिपळूणच्या एका घड्याळवाल्याकडे मामाने ते टाकलं. त्याने मशीन उघडून पेट्रोलमध्ये धुतलं, तेल घातलं आणि डायल मुंबईला रंगवायला पाठवली. मूळ डायल रुपेरी होती. परत आली ती निळी. मामाला विचारलं, तर म्हणाला, "अरे, मीच सांगितलं निळी कर म्हणून. मस्कतच्या दुकानात निळी होती, पण ती आधीच कोणीतरी घेतली होती. उरली ती चंदेरी मी घेतली."

म्हणजे संग्राहकाच्या भाषेत हे घड्याळ १९८४ ते १९९७ खरं होतं आणि त्यानंतर खोटं झालं. मामाच्या भाषेत नेमकं उलटं आहे. त्याला हवं होतं ते घड्याळ त्याला १९९७ मध्ये मिळालं.

इथे बरेच जण थिसियसच्या जहाजाचं उदाहरण देतात. एकेक फळी बदलत सगळं जहाज बदललं, तर ते तेच जहाज का? प्लुटार्कने सांगितलेली ही गोष्ट आहे, आणि आपल्याकडे मिलिंद राजाला नागसेनाने रथाबद्दल विचारलेला प्रश्न त्याच्या जवळचा आहे: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? पण घड्याळांच्या बाबतीत मला हॉब्जने घातलेली भर जास्त उपयोगी वाटते. तो म्हणतो, समजा काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणीतरी जपून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर? हॉब्जसाठी ही कल्पना होती. मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, ती रोजची गोष्ट आहे. तिथे डब्यांमध्ये काटे वेगळे, केस वेगळ्या, मशीनं वेगळी पडलेली असतात. एका मेलेल्या घड्याळाचा बॅलन्स दुसऱ्यात जातो, त्याची केस तिसऱ्याला मिळते. थिसियसच्या शंभर जहाजांच्या फळ्यांचा ढीग, आणि त्यातून सकाळ-संध्याकाळ चालती जहाजं बाहेर पडतात.

हे लोक फसवायला बसलेले नव्हते. कंपनीचे सुटे भाग मिळत नव्हते, मिळाले तरी परवडत नव्हते, आणि गिऱ्हाइकाला घड्याळ चालू हवं होतं, शिवाय लग्नात घालता येईल असं चकचकीत हवं होतं. पन्नास खुणा असलेली डायल जपून ठेवा असं कोणी म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. 'डायल जशी आहे तशी राहू द्या' हे वाक्य फक्त तो माणूस बोलू शकतो ज्याला वेळ बघायला ते घड्याळ लागत नाही. म्हणजे मी. माझ्या खिशात फोन आहे.

आणि ही वेळ आपल्यावर आणली सीकोनेच. २५ डिसेंबर १९६९ ला त्यांनी ॲस्ट्रॉन हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं, किंमत साडेचार लाख येन, अचूकता महिन्याला पाच सेकंद इकडे-तिकडे. पुढच्या काही वर्षांत क्वार्ट्झ स्वस्त झालं आणि चाकं-स्प्रिंगवालं घड्याळ वेळ सांगण्याच्या शर्यतीतून बाद झालं. माझं एक जुनं सीको दिवसाला पंधरा-सतरा सेकंद पुढे जातं. (सर्व्हरच्या भाषेत मोजा: दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे हे ९९.९८ टक्के बरोबर आहे. मी ज्या सिस्टिम सांभाळल्यात त्यांतल्या काहींपेक्षा बरं.) पण क्वार्ट्झसमोर ते हरलेलंच आहे. जोवर घड्याळ गरजेचं होतं तोवर लोक विचारायचे, "चालतंय का?" गरज संपली तेव्हा प्रश्न बदलला: "ओरिजिनल आहे का?"

मला या दुसऱ्या प्रश्नाचा राग नाही. मीही तो विचारतो. चाळीस वर्षांपूर्वी जपानमधल्या कारखान्यात छापलेली डायल तशीच समोर दिसते, तेव्हा जो आनंद होतो तो खरा आहे. पण तो आनंद मिळवायला काय करावं लागतं, हे मला मामाच्या घड्याळाच्या वेळी कळलं.

मागच्या वर्षी मामाने ते मला दिलं. मशीन अडखळत होतं, सर्व्हिसिंग करायचंच होतं, आणि मला वाटलं की त्यासोबत रुपेरी डायल परत बसवावी. म्हणजे 'मुळाबरहुकूम'. सीको ही डायल आता बनवत नाही. मग उपाय एकच: तोच डायल नंबर असलेलं दुसरं घड्याळ शोधायचं आणि त्याची डायल काढायची. या दुसऱ्या घड्याळाला ग्रुपवर 'डोनर' म्हणतात. शब्द हॉस्पिटलातला आहे, पण हॉस्पिटलात दात्याची किंवा त्याच्या घरच्यांची सही घेतात.

डोनर मिळालं. दोन हजार दोनशे रुपयांना. डायल स्वच्छ, रुपेरी, तळाची बारीक अक्षरं शाबूत. मी ते हलवलं आणि ते चालू झालं. फोनवरच्या ॲपने ठोके ऐकले, आकडे मामाच्या घड्याळापेक्षा चांगले आले. मागे झाकणावर हाताने कोरलेलं होतं: 'सप्रेम भेट', खाली तीन आद्याक्षरं आणि १९८९.

आता नीट मांडून बघा. मामाच्या घड्याळातली निळी डायल जवळजवळ तीस वर्षं त्याच्या मनगटावर होती. तिच्या मागचा पत्रा आणि मशीनमध्ये बसणारे दोन बारीक पाय १९८४ चेच आहेत, फक्त वरचा रंग बदललाय. ती काढून मी जी डायल बसवणार, ती आयुष्यभर दुसऱ्याच कोणाच्या हातावर होती. तरी पहिल्या घड्याळाला बाजार 'रीडायल' म्हणेल आणि दुसऱ्याला 'ऑल ओरिजिनल'. कारण नंबर जुळतील. आणि त्यासाठी एक चालतं घड्याळ, कोणाच्या तरी निरोप समारंभातलं किंवा लग्नातलं, उघडून डब्यात जाईल.

मी डायल काढली नाही. यात काही थोरपणा नव्हता. पुण्यातल्या ज्या काकांकडे मी घड्याळं देतो, त्यांनी दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून विचारलं, "यातलं बंद कोणतं करायचंय?" मला उत्तर देता आलं नाही. दोन्ही सर्व्हिस करून घेतली.

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल आणि रंगवणाऱ्याची बाजू घेता घेता विकणाऱ्याचीही घेतली जाईल. ती मला घ्यायची नाही. चिपळूणच्या घड्याळवाल्याने जे केलं ते मामाला माहीत होतं, मामानेच सांगितलेलं होतं. पण तसंच रंगवलेलं घड्याळ कोणी परदेशातल्या अनोळखी माणसाला 'मूळ डायल' म्हणून विकतो, तेव्हा त्याच निळ्या रंगाने एक खोटं बोललं जातं. रंग तोच, पत्रा तोच. एचएमटीचंही आता हेच चाललंय. १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीने बंगळूरमध्ये सुरू झालेलं ते काम, २०१६ मध्ये सरकारने बंद करायचं ठरवलं, आणि लोकांना अचानक त्या घड्याळांचं प्रेम आलं. आज ऑनलाइन मिळणाऱ्या कितीतरी 'नव्याकोऱ्या' रंगीत एचएमटींच्या आत जुनी वापरलेली मशीनं असतात. पिवळी, गुलाबी डायल बघून घेणाऱ्या मुलीला ती गोदामात राहिलेली घड्याळं वाटतात. तिला कोणी तसं सांगत नाही आणि तसं नाही हेही सांगत नाही.

उलट बाजूला मॉडवाल्यांकडे बघा. सीकोचंच एनएच-३५ मशीन, कुठलीतरी केस, कुठलीतरी डायल, काटे तिसरीकडून. मुंबई स्पेशलपेक्षा यात सीको कमीच उरतं. तरी त्याला कोणी शिवी देत नाही, पोस्ट टाकली की बदाम पडतात. कारण बनवणारा स्वतःच यादी देतो की काय कुठून आणलं. जपानमध्ये इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्या लाकडात पुन्हा बांधतात. २०१३ मध्ये बासष्टाव्यांदा बांधलं. ते देऊळ नकली आहे असं कोणी म्हणत नाही, कारण नवं लाकूड लपवलेलं नाही, उलट ते आणण्याचाच सोहळा असतो.

हे म्हणायला सोपं आहे, कारण सांगण्याची किंमत नेहमी विकणाऱ्याच्या खिशातून जाते. मी सध्या माझं एक सीको ५ विकतोय. ६३०९ कॅलिबर, केशरी डायल, उत्तम चालतं. डायल मूळ असती तर सात हजार आले असते. रीडायल म्हटलं की चारही अवघड. आणि फोटो इतका चांगला आलाय की काही न लिहिता टाकला असता, तर कोणी विचारलंही नसतं असं मला खात्रीने वाटतं. न लिहिणं म्हणजे खोटं बोलणं का, यावर मी एक अख्खा रविवार घालवला. ऑफिसमध्ये कोणी न सांगता डिपेंडन्सी बदलली तर मी काय बोलतो हे आठवलं, आणि मग लिहिलं:

"सीको ५, कॅलिबर ६३०९. केस आणि मशीन एकाच काळातलं. डायल भारतात पुन्हा रंगवलेली, कधी ते माहीत नाही. सेकंद काटा दुसऱ्या घड्याळाचा. काच नवी. मागच्या महिन्यात सर्व्हिस केलंय, दिवसाला साधारण बारा सेकंद पुढे जातं. पाण्यात घालू नका. साडेतीन हजार."

दोन दिवसांत चार मेसेज आले. तिघांनी भाव पाडून मागितला. चौथा सोलापूरचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे म्हणाला. त्याने सगळं नीट वाचलं होतं, सर्व्हिसिंगचे फोटोही मागून घेतले. मग विचारलं, "दादा, डायल रंगवलेलीच आहे ना, मग निळी करून मिळेल का?"